डाग बारीक आहे म्हणूनच पीस आत्ता बदलून घे

प्रश्न : मी पुण्यात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घर अकोल्याला. बाबांनी सेलमध्ये स्वतःच्या कार्डावर बारा हप्त्यांत मला गेमिंग लॅपटॉप घेऊन दिला. आरटीएक्स ४०५० ग्राफिक्स चिप, १६ जीबी रॅम, फुल एचडी १४४ हर्ट्झ स्क्रीन, किंमत ८२ हजार. घरचा जुना लॅपटॉप एक्स्चेंजमध्ये दिला. मशीन जोरदार आहे, पण चार गोष्टी डोक्यातून जात नाहीत. गेममध्ये रात्रीचा सीन आला की स्क्रीनच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात पिवळट उजेड दिसतो. मधोमध, जरा उजवीकडे, एक हिरवा ठिपका कायम पेटलेला असतो. गेमच्या मेनूत गेलं की आतून ‘चींऽऽ’ असा बारीक आवाज येतो. आणि खेळताना प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत तापतो. सात दिवसांत फक्त रिप्लेसमेंट मिळते, त्यातले चार दिवस उरलेत. रूममेट म्हणतो, “ठेव गुपचूप, बदलून आलेला पीस याहून खराब निघाला तर?” बाबांना अजून काही बोललेलो नाही. ते रोज फोनवर विचारतात, “मस्त चाललाय ना?” मी उगाच खुसपटं काढतोय का? ठेवू की परत करू?
– र., पुणे

प्रिय र.,

बदलून घे. तुझं पत्र आलं त्याच दिवशी ‘आधी रिप्लेसमेंटची विनंती नोंदव, विचार मग कर’ एवढं ई-मेलने कळवलं होतं. मुदतीच्या आत विनंती नोंदवलेली असली की टेक्निशियन दोन दिवस उशिरा आला तरी सहसा अडत नाही. आता कारणं सविस्तर लिहितो. सेल संपला की हाच प्रश्न बऱ्याच जणांना पडतो, आणि मनाची समजूत घालण्यातच त्यांचे सात दिवस निघून जातात.

तू खुसपटं काढत नाहीयेस. ८२ हजारांची वस्तू नीट निरखून घेणं हा तुझा हक्क आहे. फक्त चारही तक्रारी तू एकाच गाठोड्यात बांधल्यास, तिथे घोटाळा झाला. त्यातल्या दोन गोष्टींसाठी मी तुला पीस बदलायला सांगितलं नसतं.

तापमानाचं आधी संपवू. गेमिंग लॅपटॉपचा प्रोसेसर ९५ अंशांना टेकला म्हणजे तो बिघडला असं नाही. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंश असते, एएमडीच्या रायझनची मॉडेलप्रमाणे ९५ ते १०५ च्या दरम्यान. बनवणारेच मशीन त्या मर्यादेच्या जवळ पळवतात, कारण एवढ्याशा जाडीत वेग काढायचा तर दुसरा मार्ग नाही. तू आकड्याकडे बघू नकोस, फ्रेमकडे बघ, म्हणजे गेममध्ये सेकंदाला किती चित्रं मिळतात तिकडे. अर्धा तास सलग खेळ. सुरुवातीला जेवढे फ्रेम मिळत होते, साधारण तेवढेच शेवटी मिळत असतील तर मशीन ठीक आहे. ते एकदम निम्म्यावर आले, झटके बसायला लागले किंवा लॅपटॉप आपोआप बंद पडला, तर तो दोष. पण तसा दोष सहा महिन्यांनी दिसला तरी वॉरंटीत दुरुस्त होतो. पंखा बदलतात, चिपची उष्णता वाहून नेणारी पेस्ट नव्याने लावतात.

मे महिन्यात अकोल्याला जाशील तेव्हाचं मात्र आत्ताच सांगून ठेवतो. खोली जितकी तापते, जवळपास तितकीच भर लॅपटॉपच्या आतल्या तापमानात पडते. बाहेर ४४-४५ अंश असताना दुपारी बंद खोलीत खेळलास तर प्रोसेसर मर्यादेला भिडणार आणि वेग कमी करणारच. तेव्हा घाबरून सर्व्हिस सेंटर गाठू नकोस. मागची बाजू बोटभर उचलून ठेव, गादीवर किंवा उशीवर अजिबात ठेवू नकोस, १४४ फ्रेमचा हट्ट सोडून ९० वर मर्यादा घाल. आणि कूलरच्या थेट झोतासमोर मांडून बसू नकोस. आपल्याकडचे वाळ्याचे किंवा गवताच्या ताट्यांचे कूलर हवेबरोबर पाण्याचे बारीक तुषारही फेकतात, आणि लॅपटॉपचा पंखा तीच हवा आत ओढतो.

आता आवाज. ग्राफिक्स चिपला वीज पुरवणाऱ्या सर्किटमध्ये तारेची छोटी वेटोळी असतात. त्यांतला प्रवाह भराभर कमीजास्त झाला की ती किंचित कंप पावतात आणि तुला ऐकू येतो तो ‘चींऽऽ’ निघतो. याला कॉइल व्हाइन म्हणतात. मेनूतच जास्त का येतो? मेनूचं चित्र साधं असतं, चिपला काही कष्ट पडत नाहीत, मग ती सेकंदाला शेकडो फ्रेम काढत सुटते. गेमच्या सेटिंगमध्ये व्ही-सिंक (फ्रेमचा वेग स्क्रीनच्या वेगाशी जुळवणारी सोय) चालू कर किंवा फ्रेमची मर्यादा घाल, आवाज बराच बसेल. यामुळे मशीनचं आयुष्य घटत नाही, आणि बदलून आलेल्या पीसमध्येही हा आवाज थोडाफार असू शकतो. केवळ यासाठी बदलायला गेलास तर निराश होशील. साधी पीडीएफ वाचतानाही शांत खोलीत तो कानात घुसत असेल, तर मात्र तक्रारीत लिही.

राहिली स्क्रीन, आणि माझा सगळा निर्णय तिच्यावर उभा आहे.

कोपऱ्यातला उजेड दोन प्रकारचा असू शकतो आणि दोन्हींत फरक आहे. आयपीएस जातीच्या पॅनलमध्ये काळ्या चित्रावर तिरकं पाहिलं की कोपरे उजळ दिसतात. त्याला आयपीएस ग्लो म्हणतात. तो पॅनलचा स्वभावच आहे, दहा पीस बदललेस तरी राहील. दुसरा प्रकार बॅकलाइट ब्लीड. स्क्रीनच्या मागे कडेने एलईडीची पट्टी असते. स्क्रीनची चौकट कुठे जास्त आवळली गेली, पॅनल किंचित वाकलं किंवा नीट बसलं नाही, की तिथून उजेड झिरपतो.

रात्री खोलीतला दिवा बंद कर. पूर्ण काळं चित्र फुल स्क्रीनवर लाव. ब्राइटनेस नेहमी ठेवतोस तेवढीच ठेव, पूर्ण वाढवू नकोस. नेहमीच्या अंतरावर बस आणि त्या कोपऱ्याकडे बघ. मग डोकं हळूहळू डावीकडे ने, थोडं वर उचल, मागे सरक. उजेड सरकला, फिका झाला, त्याचा रंग बदलला, तर तो ग्लो. तू कुठूनही पाहिलंस तरी डाग त्याच जागी, त्याच आकाराचा राहिला, तर ब्लीड. फोटो काढताना एक काळजी घे. अंधारात मोबाइलचा कॅमेरा आपोआप जास्त उजेड घेतो आणि चांगल्या स्क्रीनलाही आग लागल्यासारखी दाखवतो. स्क्रीनवर टॅप करून एक्स्पोजर खाली ओढ, डोळ्यांना दिसतं तसंच फोटोत येऊ दे. फुगवलेला फोटो टेक्निशियन एका नजरेत ओळखतो, मग तुझ्या खऱ्या तक्रारीवरही त्याचा विश्वास बसत नाही.

तू लिहिलंस त्यावरून, म्हणजे एकाच कोपऱ्यात आणि पिवळट, मला हा ब्लीड वाटतो. ग्लो असता तर कमीअधिक प्रमाणात चारही कोपऱ्यांत दिसला असता. शिवाय तुला तो अंधाऱ्या खोलीत मुद्दाम शोधावा लागला नाही, खेळता खेळता दिसला. वापरताना आपणहून दिसणारा डाग आणि तपासताना सापडलेला डाग यांत मी मोठा फरक करतो. हा डाग नुसता तपासताना सापडलेला असता तर ‘ठेव’ म्हणालो असतो.

हिरव्या ठिपक्याचंही तेच. फुल एचडी स्क्रीनवर २०,७३,६०० पिक्सेल असतात आणि प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन उपपिक्सेल. त्यातला एक हिरवा पेटलेल्या अवस्थेत अडकला आहे. रंग भराभर बदलणारे व्हिडिओ काही तास लावून ठेवले तर असा ठिपका कधी कधी सुटतो. एक रात्र करून बघ, पण त्यावर विसंबून मुदत घालवू नकोस. आणि बोटाने दाबून बघायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस, एकाचे चार ठिपके होतील. हाच ठिपका कडेला असता तर महिन्याभरात विसरला असतास. मधोमध, जिथे गेममध्ये नेम धरतोस आणि वर्गातल्या नोट्स वाचतोस, तिथे तो चार वर्षं डोळ्यांत सलत राहणार.

आता मुख्य मुद्दा. बऱ्याच जणांना वाटतं की एवढ्याशा डागासाठी कशाला बदलायचा, मोठा बिघाड असता तर गोष्ट वेगळी. मला नेमकं उलटं वाटतं. मदरबोर्ड गेला, पंखा अडकला, स्क्रीन काळी पडली, तर वर्षभर वॉरंटी आहे. कटकट होईल, पण काम होईल. बारीक दोषाला वॉरंटीत वाली नाही. किती पिक्सेल खराब झाले म्हणजे पॅनल बदलायचं याचा आकडा प्रत्येक कंपनी आपल्या अटींमध्ये ठरवते, आणि एका ठिपक्याला सहसा कुणी दोष मानत नाही. ब्लीडबद्दल तर ‘हे मर्यादेत आहे’ असं सांगून फाइल बंद होते. म्हणजे पहिले सात दिवस हीच या दोन दोषांसाठी एकमेव जागा. आठव्या दिवसापासून ते कायमचे तुझे. म्हणून ‘दोष केवढा?’ हा प्रश्न बाजूला ठेव आणि ‘हा दोष नंतर कुणी दुरुस्त करून देईल का?’ हे विचार. तापमान आणि आवाजाचं बघता येईल. कोपरा आणि ठिपका यांचं नाही.

बाबांना आजच सांग. ऑर्डर त्यांच्या खात्यावर असेल तर ओटीपी त्यांच्याच फोनवर जाणार, कार्डही त्यांचं, त्यामुळे त्यांच्या नकळत हे होणारही नाही. पण तेवढ्यासाठीच सांग असं म्हणत नाही. “मस्त चाललाय ना?” असं रोज विचारणारा माणूस आपण घेतलेली वस्तू मुलाला आवडली ना, हे विचारत असतो. तू “हो” म्हणतोस आणि गप्प होतोस, हे त्यांना फोनवर कळत नसेल असं समजू नकोस. साधं बोल : “बाबा, लॅपटॉप छान आहे, मॉडेल बरोबर निवडलं आपण. या पीसच्या स्क्रीनला डाग आहे, सात दिवसांत बदलून मिळतो. हप्ते आहेत तेच राहतील.” शेवटचं वाक्य विसरू नकोस. त्यांची पहिली काळजी तीच असणार.

रिप्लेसमेंटमध्ये हप्त्यांना धक्का लागत नाही हे खरं. रिफंडचं गणित वेगळं. तिथे हप्ते रद्द करायला बँकेशी बोलावं लागतं, ‘नो कॉस्ट’ म्हटलेल्या योजनेतही प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी सहसा परत मिळत नाही, आणि सेलची किंमत तर गेलीच. तुझा जुना लॅपटॉपही परत येणार नाही. त्याचे फार तर ठरलेले पैसे मिळतील. म्हणून आधी रिप्लेसमेंटचा रस्ता, रिफंड दुसऱ्या पायरीवर.

तक्रार लिहिताना कॉइल व्हाइन, तापमान, पंख्याचा आवाज असं सगळं ओतू नकोस. ‘डिस्प्ले सदोष : डाव्या खालच्या कोपऱ्यात प्रकाश गळती, मध्यभागी कायम पेटलेला पिक्सेल’ एवढंच लिही, चार फोटो जोड, काळ्या, पांढऱ्या, लाल आणि निळ्या पडद्याचा एकेक. कस्टमर केअरवर फोनवर जे ठरेल ते लगेच चॅटमध्ये किंवा ई-मेलमध्ये लिहून घे. काही ठिकाणी आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून दोष असल्याचा कागद मागतात. तो मागितला तर उद्यावर ढकलू नकोस, त्यात दोन-तीन दिवस सहज जातात. टेक्निशियन म्हणेल, “सर, एवढं सगळ्यांतच असतं.” वाद घालू नकोस. “तुमच्या रिपोर्टमध्ये ठिपका दिसतो एवढं लिहा,” असं सांग. ठिपका तर कुणालाही दिसतो.

तोवर खालचं झाकण उघडू नकोस, स्टिकर काढू नकोस, खोका आणि आतला थर्माकोल फेकला असशील तर आजच शोध. सोबत मिळालेलं ऑफिस अजून ॲक्टिव्हेट केलं नसेल तर थांब, ते सहसा त्या मशीनला आणि तुझ्या खात्याला बांधलं जातं. न्यायला माणूस येईल त्याच्या आधी फायली काढून घे, खात्यांतून बाहेर पड, विंडोज रिसेट कर आणि सिरियल नंबरचा फोटो ठेव.

रूममेटची भीती अगदीच खोटी नाही. दुसरा पीस खराब येऊ शकतो. त्यासाठी आत्ताच, तो यायच्या आधी, काय चालवून घेशील ते कागदावर लिहून ठेव. माझ्या मते कोपऱ्यांतला फिका ग्लो चालेल, कडेचा एखादा काळा पिक्सेल चालेल, मेनूतला आवाज चालेल. मध्यभागी पेटलेला ठिपका आणि खेळताना जाणवणारा ब्लीड चालणार नाही. आधी लिहिलेलं नसेल तर नवा खोका उघडल्यावर तू पुन्हा प्रत्येक कोपऱ्यात दोष शोधत बसशील.

खोका उघडतानाचा सलग व्हिडिओ काढ, सिरियल नंबर खोक्यावरचा आणि लॅपटॉपच्या पोटावरचा दोन्ही त्यात दिसू दे. ओपन बॉक्स डिलिव्हरी (खोका दारातच उघडून दाखवण्याची सोय) असेल तर स्क्रीन चालू होऊन दिसल्याशिवाय ओटीपी देऊ नकोस. मग तो पीस खरोखर कोरा आहे का ते बघ. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर एसएसडी, म्हणजे फायली साठवणारी डिस्क, किती तास चालू होती ते दाखवतं. नव्या मशीनमध्ये हा आकडा अगदी थोडा असायला हवा, शंभर-दोनशे तास दिसले तर तो कुणीतरी वापरून परत केलेला आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ कमांडने बॅटरी रिपोर्ट निघतो. मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्ज क्षमता हे दोन आकडे जवळपास सारखे हवेत. एन्व्हिडिया कंट्रोल पॅनलच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये ग्राफिक्सची कमाल वॉट मर्यादाही पाहून घे. आरटीएक्स ४०५० हे नाव ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंतच्या लॅपटॉप चिपना लागतं आणि त्यांच्या वेगात मोठा फरक असतो. विक्रीच्या पानावर जेवढे वॉट लिहिलेत त्याहून कमी निघाले, तर बोलायचा मुद्दा डागापेक्षा कितीतरी मोठा आहे. हे तर तुझ्या आताच्या पीसमध्येही आज बघ. आणि दुसऱ्या पीसला नव्याने सात दिवस मिळतात का, हे ऑर्डरच्या पानावर वाच. बऱ्याचदा रिप्लेसमेंट एकदाच असते.

दुसराही सदोष निघाला आणि “आमच्या पॉलिसीत रिफंड नाही” असं उत्तर आलं, तर तिथे थांबायचं कारण नाही. ई-कॉमर्ससाठी २०२० साली जे ग्राहक संरक्षण नियम आले, त्यांनुसार वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे परत करायला नकार देता येत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातली ‘दोष’ या शब्दाची व्याख्याही ऐसपैस आहे, विक्रेत्याने जे सांगितलं त्यात आलेली उणीवही तीत बसते. विक्रेत्याला हे नियम नमूद करून एक सभ्य ई-मेल लिही, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदव. तिथे मराठीतही बोलता येतं. तिथेही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रारदार राहतो तिथेच दाद मागता येते, म्हणजे खरेदी बाबांच्या नावावर असेल तर ते अकोल्यात तक्रार करू शकतात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं, अर्ज ऑनलाइनही होतो. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत लावावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ जातो. एका ठिपक्यासाठी मी तुला आयोगात जायला सांगणार नाही. वापरलेला पीस नवा म्हणून दिला किंवा वॉट कमी निघाले, तर जरूर सांगेन.

दुसरा पीस आला की काळ्या स्क्रीनचा फोटो आणि बॅटरी रिपोर्ट मला त्याच दिवशी पाठव. मुदत संपायच्या आत बघून कळवतो.